उजवा गाल मामाचा

मला एक वाईट खोड आहे. कुठलीही वस्तू चालते कशी हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. लग्न होऊन वसईतल्या पापडीला आले, तेव्हा नव्याची नवलाई संपायच्या आत मी सासूबाईंचं शिवणयंत्र खोलून ठेवलं होतं. आमचे सॅन्टन, म्हणजे माझे मिस्टर, येईल त्या पाहुण्याला सांगतात, "देवाने आमची अँजेलिना पाठवली ती पदरात स्क्रू-ड्रायव्हर बांधूनच." पाठवली तर पाठवली! मिक्सर बंद पडला की कोणाला हाक मारता, ते सांगा की पाहुण्यांना.

आता म्हणाल, बाईमाणसाचा दाढीच्या रेझरशी काय संबंध? तेच तर सांगतेय. आमची घरची बोली तुम्हाला कळायची नाही, म्हणून सरळ मराठीत सांगते.

दोन हजार दोन साल. नाताळ उरकला की आमच्याकडे लग्नांची झुंबड उडते, आणि त्या वर्षी आमच्या मर्विनचं होतं. मर्विन माझा एकुलता एक, सहारला विमानतळावर नोकरीला. नवरी मुलगी फेलिशिया, शाळेत टीचर, गोड पोर. आणि आमच्या घरची रीत अशी, की लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नवऱ्या मुलाला मांडवात बसवायचं आणि सगळ्यांसमोर मामाने त्याची दाढी करायची. सगळी नाही, फक्त उजवा गाल. तो मामाचा हक्क. बाकीची मग मुलाने आत जाऊन आरशात उरकायची. एकच अट, की रक्ताचा थेंब दिसता कामा नये. दिसला तर म्हाताऱ्या बायका तो संसार मोडेपर्यंत बोलून दाखवतात.

मर्विनला मामा एकच. माझा धाकटा भाऊ पीटर. गिरीजला एकटा राहतो, लग्न केलं नाही, केळीची बाग करतो. मर्विन जन्मला त्या दिवसापासून तो म्हणत होता, याचा उजवा गाल माझा.

आणि पीटरचा हात थरथरायला लागला होता.

बोरिवलीच्या डॉक्टरांनी त्याला पार्किन्सन म्हणून नाव सांगितलं. गोळ्या दिल्या. पीटरने हे फक्त मला सांगितलं आणि वर शपथ घातली, "बाय, कोणाजवळ बोलायचं नाही. सॅन्टनजवळ पण नाही." पण थरथर काय लपते? माझ्या दिराच्या, फ्रेडरिकच्या पोरीच्या लग्नात टोस्टच्या वेळी लांबलचक भाषण चाललं होतं, आणि पीटर पेला धरून उभा होता. भाषण संपायच्या आत त्यातली निम्मी वाइन समोरच्या बाईच्या साडीवर. झालं! "पीटर सकाळपासूनच बसलेला दिसतोय," असं कोणीतरी बोललं, आणि तेव्हापासून माझा भाऊ, जो नाताळला एक पेला घेतो तो घेतो, तो गावचा बेवडा ठरला. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी म्हटलं, "सांगून टाकू दे मला एकदा." तर म्हणाला, "बेवडा म्हटलेलं चालेल मला. बिचारा म्हटलेलं नको."

घरातही तेच. मर्विन जेवता जेवता म्हणाला, "मम्मी, ते दाढीचं राहू दे ना. मी सलूनमध्ये जाऊन येतो. व्हिडिओवाला असणार, आणि मामा घेऊन आला तर माझा चेहरा सोलून काढेल."

मी त्याच्याकडे असं बघितलं की पोरगा ताट घेऊनच उठला. पण करायचं काय? मामाने नाही म्हटलं तर हक्क गेला. हो म्हटलं आणि कापलं, तर सगळ्या गावासमोर, व्हिडिओत, कायमचा बेवडा. अशी कात्रीत सापडले होते मी.

पीटर स्वतः एक दिवस वडिलांचा रेझर घेऊन आला. पितळेचा, जड, आत ब्लेड घालायचा. "याच्यानेच करणार," म्हणाला. मी तो हातात घेतला मात्र, माझी खोड जागी झाली. दांडी फिरवली की तीन तुकडे होतात. खाली दातेरी पट्टी, वर टोपी, मधे ब्लेड. आवळलं की ब्लेड कमानीसारखं वाकतं आणि त्याची धार दोन्ही बाजूंनी केसभर बाहेर डोकावते. केसभरच! किती साधं डोकं लढवलंय बघा. बाप रोज सकाळी ओट्यावर बसून याच्याने दाढी करायचा, आणि इतक्या वर्षांत मी हे कधी उघडून बघितलं नव्हतं, याचंच मला नवल वाटलं.

मग मर्विनच्या कपाटातून त्याचा रेझर पळवला. तो विमानतळावरच्या दुकानातून आणलेला, कार्ट्रिजवाला. त्याला खोलायला काही नाही, डोकंच काढून नवीन बसवायचं. पण ते डोकं काय लबाड! एकामागे एक तीन पाती, पुढे रबराची झालर, आणि मान डोलवतं. जिकडे गाल वळेल तिकडे हे वळतं. सासरी आलेल्या शहाण्या सुनेसारखं.

आता दोन्हींत थरथरत्या हाताला कुठला बरा? हे बघितल्याशिवाय कळणार कसं? माणसावर एकदम प्रयोग नको म्हणून परसातल्या वेलावरचा कोवळा दुधी काढला. कोवळ्या दुधीला बारीक लव असते, हात फिरवून बघा कधी. त्याला फेस लावला, मांडीवर घेतला, आणि मुद्दाम हात थरथरवत वडिलांचा रेझर चालवला. दोन ओढींत दुधीवर चार ओरखडे, पाण्याचे थेंब तरारून आले. मग मर्विनचा चालवला, हात तितकाच हलवत. लव गेली, साल शाबूत.

सालोमीबाय, माझी मोठी नणंद, नेमकी तेव्हा मागच्या दाराने आली. मांडीवर फेसाने माखलेला दुधी बघून तिने कपाळावर क्रॉस केला. "अगो, लग्नाच्या दगदगीत कामातून गेलीस काय?"

"भाजी स्वच्छ करतेय," मी म्हटलं.

पण दुधी बोलत नाही, आणि बोलणारा गाल हवा होता. सॅन्टनना सांगितलं, मला दाढी शिकायची आहे. ते बिचारे खुर्चीत बसले. कारण विचारलं नाही, एवढ्या वर्षांच्या संसारात शहाणे झालेत. डाव्या गालावर जुना, उजव्यावर नवा, आणि माझा हात मी हलवतेय डमरूसारखा. डाव्या गालावर ते दोनदा ओरडले, तुरटी लावावी लागली. उजवा गाल गुळगुळीत. "ही कसली शिकवणी?" म्हणाले, आणि तो नवा रेझर स्वतःच ठेवून घ्यायला निघाले.

मला जग जिंकल्यासारखं झालं. तशीच गिरीजला गेले. पीटर केळीला आधाराचे बांबू लावत होता. त्याला सगळं सांगितलं, दुधीपासून तुरटीपर्यंत. तो हसून हसून खालीच बसला.

"पण बाय, हात तू कसा हलवलास?"

"तुझ्यासारखाच. सतत."

तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही त्याने. मी म्हटलं, "हे बघ, मी सगळं तपासलंय. वाद घालायचा नाही. मान डोलवणाराच घ्यायचा."

"तू कोणाचं ऐकतेस का कधी?" म्हणाला. "घेतो तोच. तुझ्या मनासारखं होऊ दे."

लग्नाचा आदला दिवस आला. मांडवात माणूस मावेना. बँडवाले दमून बसले होते, व्हिडिओवाल्याने दिवा लावला, आणि मर्विन खुर्चीवर येऊन बसला, रीतीप्रमाणे चार दिवसांची दाढी वाढवून. पीटर त्याच्या उजवीकडे स्टुलावर बसला. नवा शर्ट, आणि डावा हात उजव्या हातावर दाबून धरलेला. मी मनातल्या मनात वसईच्या किल्ल्यातल्या चर्चपासून विरारच्या जीवदानी देवीपर्यंत सगळ्यांना साकडं घातलं. आपलं-परकं बघायची ती वेळ नव्हती.

आता माझी अक्कल ऐका. मी प्रयोग केले ते फेस लावून. आणि मांडवात फेस नसतो! मांडवात बायका गाणी म्हणत येतात आणि मुलाच्या तोंडाला नारळाचं दूध चोळतात. पिढ्यान् पिढ्या. मी स्वतः किती नवऱ्यांना चोळलंय! आणि माझ्या डोक्यात आलं नाही. सालोमीबाय कढईएवढं भांडं घेऊन पुढे, तिने ते दूध कधी नीट गाळलेलं नाही, त्यात खोबऱ्याचा चोथा. चार दिवसांचे खुंट, वर तेलकट दूध, वर चोथा.

पीटरने मर्विनचा रेझर लावला. तो सरकला, पण एक केस निघेना. दुसऱ्या ओढीला तिन्ही पात्यांच्या मधे चोथा आणि केस गच्च बसले. पाण्यात बुडवून झटकला, तरी निघेना. तिसऱ्यांदा नुसताच घसरला. मांडवात हसू पिकलं.

"पीटर, दाढी करतोस की लोणी लावतोस?"

आणि मागून कोणीतरी, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललं, "आज पण घेतलेली दिसतेय."

माझं डोकं फिरलं. शपथ गेली खड्ड्यात म्हणत मी पुढे झाले. पण पीटरने माझ्याकडे बघून मान हलवली. नको. मग तो डोलणारा रेझर त्याने माझ्या हातात दिला आणि खिशातून वडिलांचा काढला. खिशातून! म्हणजे आणलाच होता. रेझर मांडीवर ठेवून तो क्षणभर तसाच बसला, आणि त्याचा हात सगळ्यांना दिसला. बोटं नुसती नाचत होती. बायकांचं गाणं थांबलं.

"पीटर, अरे रक्त काढशील पोराचं," सालोमीबाय म्हणाली. मी त्याचं मनगट धरलं. "नको रे. सोड. राहू दे हक्क."

तो मला म्हणाला, "माझी रोजची दाढी कोण करतं, बाय? तुझा नवरा?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. गाल तुळतुळीत, एक ओरखडा नाही. आख्खं वर्ष मी त्याच्या हाताकडे बघत होते. दुधी सोलला, नवरा सोलला, आणि याला एवढंसं विचारलं नव्हतं.

मी मनगट सोडलं. त्याने रेझर उचलला, मर्विनच्या कानाखाली टेकवला, आणि हात थांबला. देवाशपथ सांगते, थांबला! वारा पडावा तसा. कानापासून हनुवटीपर्यंत एक सावकाश ओढ, खरखर आवाज, आणि मागे गालाची साफ पट्टी. चोथा खुशाल ब्लेडवरून बाहेर सांडत होता, पाण्यात बुडवला की रेझर कोरा. दुसरी ओढ. तिसरी. रक्ताचा थेंब नाही.

गाल संपला. पीटरने रेझर पाण्यात ठेवला, हात गुडघ्यावर ठेवला, आणि तो पुन्हा थरथरायला लागला. या वेळी त्याने दुसऱ्या हाताने झाकला नाही.

"बघून घ्या," तो मांडवाला म्हणाला. "आजार आहे, दारू नाही. कामाला लावला की गप असतो, रिकामा बसवला की हलतो. डॉक्टर म्हणतात, पुढे कामातही हलेल. आज हलला नाही, एवढंच."

फ्रेडरिक खाली बघत होता. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.

मर्विन आत जायला उठला नाही. रीतीप्रमाणे त्याने उठायला हवं होतं. अर्ध्या तोंडावर नारळाचं दूध तसंच, व्हिडिओवाल्याचा दिवा तोंडावर, आणि तो मामाकडे बघत बसला होता.

"मामा," तो म्हणाला, "डावा पण कर."

"अरे, डावा मामाचा नसतो!" सालोमीबाय ओरडली. "रीत नाही तशी!"

"गाल माझा आहे, आत्या," मर्विन म्हणाला, आणि त्याने डोळे मिटून मान उजवीकडे वळवली.

पीटर उठला. स्टूल उचलून दुसऱ्या बाजूला नेलं, बसला, आणि माझ्यावर खेकसला, "बाय, रडत काय उभी राहिलीस? गरम पाणी आण."