काचेआडची एकचाकी

मी एकचाकी बोलतेय, आणि रागानं बोलतेय हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना माझं कौतुक करायचं असेल त्यांनी दाराबाहेरच थांबावं. कौतुकानंच माझा घात केलाय.

मी म्हणजे लोखंडी पाइपांची एक गाडी. खाली जुन्या लुनाचं एकच चाक, वर पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची. पुढचे दांडे एकानं धरायचे, मागचे दुसऱ्यानं, आणि मागच्याच्या मुठीत ब्रेक. वेल्ह्याच्या डोंगरातल्या धनगरवस्तीवरून आजारी माणसाला पायवाटेनं खाली रस्त्यापर्यंत आणायचं, एवढ्यासाठी माझा जन्म. सध्या मुक्काम मात्र एका मोठ्या संस्थेच्या सभागृहात, काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप आणि कुलपाशेजारी पाटी, 'हात लावू नये.'

मला बनवलं बाजीनं. तो त्याच वस्तीवरचा, पण नसरापूरला मोटारसायकलच्या गॅरेजात कामाला. पूर्वी वस्तीवर कुणी आजारी पडलं की घोंगडीची डोली बांबूला बांधायची आणि चौघांनी खांदे द्यायचे. आता चौघं आणायची कुठून? तरणी माणसं कामाधंद्याला खाली गेली, वर उरली म्हातारी आणि शेरडं-मेंढरं. चार खांद्यांचं काम दोघांत व्हावं आणि उरलेला भार चाकानं घ्यावा, असं बाजीच्या डोक्यात आलं.

डोक्यात यायला काय जातंय? पुढचं सगळं माझ्या अंगावर झालंय, म्हणून मी सांगते. पहिल्यांदा त्यानं मला बांबूची केली. दोन लांब बांबू, मधे आडव्या कामट्या, खाली भंगारातून आणलेलं चाक. मालकाच्या शिव्या खात चाकाचा सांगाडा वेल्डिंग केला आणि छाती फुगवून मला वर घेऊन गेला. त्याची चुलती पारूबाई तेव्हा तापानं फणफणली होती. ती दारात आली, तिनं मला पाहिलं आणि हातातला पाण्याचा तांब्या बाजीला फेकून मारला.

"आरं मुडद्या, जित्या माणसाला तिरडीवर घालतूस व्हय?"

बाजीनं माझ्याकडं नव्यानं पाहिलं. खरंच, तिरडीच होते मी! इतका राबला, पण हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. चाकाकडं बघता बघता चाकावरच्या माणसाकडं बघायचं राहूनच गेलं होतं. पारूबाई तापातही काठी टेकत डोंगर उतरली, पण माझ्यावर पाठ टेकली नाही.

बाजी काही दिवस फुगून बसला. कुणी माझं नाव काढलं तरी खेकसायचा. मग एक दिवस त्यानं कामट्या उपसून चुलीत घातल्या, पाइप आणले, खुर्चीचे पाय कापले. माणूस आता आडवा नाही, बसून जाणार. या खेपेला त्यानं आधी पारूबाईलाच बसवलं आणि उतारावर चार पावलं नेलं. लगेच तिची कुरकुर सुरू झाली.

"उताराकडं त्वांड नगं बाबा, दरी बघून पोटात गोळा येतूया. माजं त्वांड घराकडं कर."

वैतागून का होईना, बाजीनं खुर्ची उलटी बसवली. आणि गंमत बघा, आधी उतारावर पुढं घसरणारं माणूस आता आपोआप पाठीला रेलून बसायला लागलं. शिवाय ब्रेक धरणारा समोर दिसतो म्हणून त्याला धीरही आला. बाजी कितीतरी वेळ हसत होता. मला त्या दोघांनी मिळून घडवलं. पुढं मिळालेल्या प्रमाणपत्रावर नाव मात्र एकाचंच आहे, याचा मला राग येतो.

मग मी कामाला लागले. अवघडलेल्या बाया नेल्या, साप चावलेला गुराखी नेला, एकदा तर पाय मोडलेली शेळीही नेली आणि ती वाटभर ओरडत होती. चाकात चिखल, खुर्चीवर ओकारी, दांड्यांवर घामेजलेले हात. काय सुखाचे दिवस होते ते!

कुणीतरी माझा मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि तिथंच माझे ग्रह फिरले. संस्थेचे साहेब गाडी घेऊन आले. स्पर्धा झाली, पहिला नंबर आला, मला झेंडूचा हार घातला. "थोडे दिवस राहू द्या इथं, लोकांना प्रेरणा मिळेल," साहेब म्हणाले. बाजीनं मान डोलावली. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत.

लोक येतात, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात, आपण कसे दिसतोय ते बघतात आणि चहाकडं वळतात. मी कुठल्या वाटेवर चालले, हे कुणी विचारत नाही.

सगळ्यात जास्त राग मला बाजीचा येतो. त्याला भाषणाची बोलावणी यायला लागली. इथं आला की तो मोबाईलवर पुढच्या मॉडेलचं चित्र दाखवतो. त्याला मोटर आहे, बॅटरी आहे, वर छत आहे. अरे शहाण्या, चित्रात बसून कुणी डोंगर उतरतं का? माझ्यासारखी दुसरी करायला तुला थोडे पाइप आणि भंगारातलं चाक पुरे. पण साधी दुसरी केली तर टाळ्या कोण वाजवणार, नाही का?

परवा संस्थेचा वार्षिक कार्यक्रम होता. साहेबांना स्टेजवर कुणीतरी लाभार्थी हवं होतं. पारूबाईचा पाय मोडला होता आणि ती नुकतीच भोरच्या दवाखान्यातून सुटली होती. तिला प्लॅस्टरसकट जीपमधून आणलं. कपाट उघडून मला तिच्या खुर्चीशेजारी उभं केलं. बाजी पलीकडं, खांद्यावर सत्काराची शाल.

"आजी, बसा ना तुमच्या गाडीत. एक फोटो घेऊ," साहेब म्हणाले.

पारूबाईनं वाकून अंगठ्यानं माझं चाक दाबलं. ते पार खाली बसलं.

"हिच्यात हवाच न्हाई."

"फोटोत दिसत नाही ते, आजी."

तिनं साहेबांकडं पाहिलंच नाही. ती समोरच्या लोकांशी बोलायला लागली. "पाय मोडला तवा वस्तीवर गेनबा आन त्याची सून, दोगंच व्हती. हिच्यात घालून दोगांनी बी मला खाली न्हेली आस्ती. पर ही हितं! खालच्या वाडीतनं माणसं येईस्तवर दिस कलला. मंग घोंगडीतनं आनली मला, पावला-पावलाला मोडक्या पायाला हिसका. डाक्टर म्हनला, लई येळ झाला, पाय आता सरळ व्हायचा न्हाई."

कुणीतरी घाईघाईनं माईक बंद केला. तिला माईक लागत नव्हताच. ती बाजीकडं वळली.

"बाज्या, तुजी ती पयली तिरडीच बांधून दे आमाला. तिरडीला कुनी बक्षीस देत न्हाई. ती तरी वस्तीवर ऱ्हाईल."

बाजीचा चेहरा उतरला. "साहेब, हिला नेऊ का?" त्यानं विचारलं. साहेब हळू आवाजात म्हणाले की आता ती संस्थेची मालमत्ता आहे, समितीपुढं विषय ठेवावा लागेल, बघू.

बाजी माझ्यापाशी गुडघे टेकून बसला आणि हाताच्या वितीनं माझे दांडे मोजायला लागला. मग चाकाची उंची, मग खुर्चीचा कोन. शाल खांद्यावरून घसरून खाली पडली. त्याचे हात किती गोरेगोमटे झाले होते! आसाला हात घातला तेव्हा माझं जुनं काळं ग्रीस त्याच्या बोटांना लागलं. मला रडू आलं, आणि रागही तेवढाच आला, कारण एवढं करायला त्याला म्हातारीचा पाय जायला लागला.

"खुर्चीचं त्वांड घराकडं, इसरू नगंस," पारूबाई म्हणाली.

"न्हाई इसरत, काकी."

मग मला परत आत ढकललं आणि कुलूप लागलं. बाजीनं दुसरी केली की नाही, मला माहीत नाही. इथं तशी बातमी येत नाही, इथं फक्त पाहुणे येतात.

तर पाहुण्यांनो, माझ्यापुढं उभं राहून प्रेरणा घेऊ नका, मापं घ्या. मला इथून सोडवा असंही मी म्हणत नाही, मी गंजले तरी चालेल. पण वर डोंगरात माझी धाकटी बहीण चिखलातून चालताना कुठं दिसली, तर तुम्हाला हात जोडते, तिला वाट द्या, चढावर जरा मागून हात लावा, आणि काही झालं तरी तिला बक्षीस देऊ नका.