साहेबांच्या मानेवरचा शॉवर

बटण आठ महिन्यांची झाली, आणि तिच्या आईच्या धड अंघोळीलाही आठ महिने झाले. तशी अंघोळ रोज व्हायची, पण दाराला कान लावून. पहिल्या मगाला बाळ कुरकुरायचं, दुसऱ्याला भोकाड पसरायचं आणि तिसरा अंगावर पडतो न पडतो तोच ही टॉवेल गुंडाळून बाहेर. साबण तर पाळीपाळीने लागायचा. आज डावा कान, उद्या उजवा.

बटण हे नाव आजोबांनी ठेवलेलं. जन्मभर टेलरिंगचं दुकान चालवलेल्या माणसाला नातीचं नाक बघून दुसरं काय सुचणार?

अशात परदेशातल्या नणंदेचं खोकं आलं. आत चकचकीत शॉवर आणि वर चिठ्ठी : ‘वहिनी, हा फक्त तुझा. याच्याखाली दहा मिनिटं उभी राहा आणि कुणाचं म्हणून ऐकू नकोस.’ चिठ्ठी वाचून तिच्या डोळ्यांना पाणी आलं. शॉवरला येण्याची मात्र चिन्हं दिसेनात.

“माल एक नंबर,” झुपकेदार मिशीतून प्लंबर म्हणाला, “पण इथला नाही, वहिनी. एक तर याचे आटे बारीक, आपल्या पाइपचे जाड. दीड फेरा फिरतो आणि अडून बसतो. दुसरं म्हणजे, गरम-गार पाण्याची याची तोंडं वीतभर अंतरावर, आणि भिंतीतले पाइप त्याहून चार बोटं लांब.”

“मग उद्या दुसरं काही आणून...”

“उद्यापासून महिनाभर मी नव्या इमारतीच्या कामावर. आज झालं तर झालं.”

त्याने आट्यांवर इतकी पांढरी टेप गुंडाळली की पाइपचं टोक ठेचाळलेल्या अंगठ्यासारखं दिसायला लागलं. मग सगळा जोर लावून कसाबसा शॉवर अडकवला आणि पाणी सोडलं. पाणी शॉवरकडे ढुंकूनही न बघता थेट त्याच्या खिशात गेलं.

“भिंत फोडावी लागेल,” खिसा पिळत तो म्हणाला.

“हात तर लावून बघा!” सासूबाई स्वयंपाकघरातून लाटण्यासकट आल्या. “त्या फरशा बसवल्या तेव्हा पंधरा दिवस शेजारणीकडे अंघोळीला जात होते मी. अजून ऐकवते ती!”

“राहू दे, आई,” ती म्हणाली आणि शॉवर खोक्यात ठेवायला लागली. पण चिठ्ठी काही तिच्या हातातून सुटेना. ते सासऱ्यांनी पाहिलं.

दुकान बंद करून दोन वर्षं झाली तरी त्यांच्या गळ्यातला मापाचा टेप उतरला नव्हता. ते स्टुलावर बसले, शॉवर मांडीवर घेतला आणि मापं घेऊ लागले.

“अहो काका, नळ आहे तो!”

“नळ असो नाहीतर नवरदेव. बेतणारा चुकलाय इथे. बघा, शिवणीत माया म्हणून ठेवलेली नाही. उसवून वाढवायला दोन बोटं कापड नको?” त्यांनी चष्म्यावरून प्लंबरकडे पाहिलं. “आणि तुम्ही भिंत फोडायला निघालात! कोट बसत नाही म्हणून गिऱ्हाइकाची पाठ फोडतात का हो? जोड द्यायचा!”

“कसला जोड?”

“रबराचा. रबर ताणतं. आटे मोजत बसत नाही.”

प्लंबरने पिशवीतून जाड रबरी नळी काढली, हातभराचे दोन तुकडे केले, दोन्हीकडे ओढून बसवले आणि वरून क्लिपा आवळल्या. थेंबही गळेना! फक्त शॉवर आता भिंतीपासून साखळीला बांधलेल्या कुत्र्यासारखा लोंबत होता.

“याला धरून उभं कोण राहणार?” सासूबाईंनी विचारलं.

सासरे आतल्या खोलीत गेले आणि साहेबांना कवेत घेऊन आले.

साहेब म्हणजे दुकानातला पुतळा. मुंडकं नाही, हात नाहीत, खाली लोखंडी दांडा, छाती चाळीस. तीस वर्षं सगळ्यांत भारी कोट त्यांनीच घातले, त्यामुळे घरात त्यांना कुणी अरे-तुरे करत नसे. प्लंबरने नळाचा भाग पट्ट्यांनी त्यांच्या छातीवर आवळला, पाइप मानेतून वर काढला, आणि जिथे डोकं असायला हवं तिथे शॉवरची गोल चाळण बसली.

सासूबाईंनी साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “चला, इतक्या वर्षांनी डोकं तरी आलं.”

“आई, मी... यांच्यासमोर?”

“अगं, डोळे कुठेत त्यांना!”

तिने बटणला आजीकडे दिलं, आत जाऊन कडी लावली आणि अदबीने टॉवेल साहेबांच्या खांद्यावर टाकला. मग गरम पाण्याची लाल चावी फिरवली.

“आई गं!”

“काय झालं?” बाहेरून तीन आवाज एकदम.

“काही नाही! छान आहे!” दात कडकड वाजत होते.

“वहिनी, नळ्यांची अदलाबदल झालीय! लाल म्हणजे गार!”

तिने निळी फिरवली. ऊन ऊन पाणी डोक्यावरून मानेवर, मानेवरून पाठीवर उतरलं, आणि आठ महिने कानाशी गेलेले खांदे हळूच खाली आले.

तेवढ्यात बटणने सूर लावला.

तिचा हात चावीवर गेला. बाहेर आजीचं “अले अले” झालं, आजोबांनी कात्री वाजवून पाहिली, सूर चढतच गेला. आणि एकदम सगळं शांत. रडणं परवडलं! ही शांतता नाही. पाणी बंद करून, टॉवेल लपेटून तिने दार बोटभर उघडलं.

प्लंबर स्टुलावर काठीसारखा ताठ बसला होता. त्याच्या खांद्यावर बटण गाढ झोपलेली, आणि तिच्या मुठीत अर्धी मिशी. दोन्ही बाजूंना आजी-आजोबा श्वास रोखून उभे.

“तुम्हाला पुढच्या कामाला जायचं असेल ना?” ती कुजबुजली.

“जाणार कसा?” प्लंबर ओठ न हलवता म्हणाला. “हललो तर मिशी मुळासकट जाईल. तुम्ही जा आत, वहिनी. सावकाश होऊ द्या.”

आजोबांनी टेपचं टोक बाथरूमकडे केलं. जा म्हणाले.

तिने कडी लावली, टॉवेल परत साहेबांच्या खांद्यावर टाकला आणि निळी चावी पूर्ण सोडली. मग साबण हातात घेतला. आधी डावा कान चोळला. आणि थोड्या वेळाने, काहीएक घाई न करता, उजवाही.