दस्त्याचं माप

बंदूक मी निवडली आणि परवाना शलाकाला मिळाला. हे वाक्य मला अजूनही शांतपणे म्हणता येत नाही.

नीउ-व्हेनेप या डच गावातल्या नेमबाजी क्लबात २०२० च्या उन्हाळ्यात आधी नाव घातलं ते मी. घरून काम करून डोकं फिरायची वेळ आली होती. शलाका, माझी बायको, "एकटा कशाला जातोस?" म्हणत सोबत आली. इथे स्वतःची रायफल घ्यायची तर वर्षभर सभासद राहावं लागतं, क्लबच्या बंदुकीवर अठरा वेळा हजेरी लावून वहीत शिक्के घ्यावे लागतात. मग पोलीस परवाना देतात. मी पहिल्याच आठवड्यात एक्सेल उघडून बसलो. तीनशे मीटरवर नेम धरणारी, एकेक भाग निवडून जुळवलेली रायफल. नळी किती लांब, चाप किती हलका, दुर्बीण जपानी की जर्मन! ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा बंद करून मी नळ्यांची तुलना करायचो.

लॉकडाऊनमुळे क्लब कधी बंद, कधी उघडा. उघडा असला की ऑनलाइन वेळ घ्यायची. माझी वेळ आली की नेमकं ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज यायचं. शलाका मात्र सायकल काढून निघायची. वर्ष सरलं तेव्हा माझ्या वहीत शिक्के अकरा होते आणि तिच्या एकोणीस.

बरं, नुसते शिक्के असते तर सोसलं असतं. बाईचा नेम लागायचा. प्रशिक्षक तिचा निशाण्याचा कागद सगळ्यांना दाखवत फिरायचा आणि तिच्याशी डचमध्ये काहीबाही बोलायचा. ती हसायची. लॉकडाऊनमध्ये ती ऑनलाइन डच शिकली होती, मी नव्हतो. मीही मास्कच्या आड उगाच हसायचो.

परवाना आला तेव्हा तर माझ्या पोटात दुखायलाच लागलं. या देशात आल्यापासून तिचा प्रत्येक कागद माझ्या नावाला टांगलेला. रहिवासी कार्ड माझ्या नोकरीवर, घर माझ्या सहीवर, फॉर्म सगळे मीच भरायचो. हा तिचा पहिला कागद, ज्यावर मी कुठेच नव्हतो. आणि कायदा असा की घरात त्या बंदुकीला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही.

"श्री, भाग तूच निवड हं," ती म्हणाली. "तुझा एवढा अभ्यास झालाय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

आयत्या बिळावर नागोबा, मी मनात म्हटलं. पण निवडले. सगळे मला हवे तेच.

बंदूक जुळवून देणारा कारागीर डीमन गावचा. पुन्हा लॉकडाऊन लागला होता, त्यामुळे दुकानात माप घेणं बंद. त्याने ईमेलवर फॉर्म पाठवला. खांद्याला टेकवायचा, मागेपुढे सरकणारा दस्ता मी खोडला आणि अक्रोडाच्या लाकडाचा एकसंध दस्ता लिहिला. पुढचा रकाना होता, चापापासून खांद्यापर्यंतची लांबी. मी टेप घेऊन आरशासमोर उभा राहिलो आणि माझं माप लिहिलं. छत्तीस सेंटिमीटर. शलाका माझ्या खांद्यालाही लागत नाही.

चुकून लिहिलं, असं मी स्वतःला आठवडाभर सांगितलं. चुकून काही नव्हतं. बंदूक सगळीच्या सगळी तिची होऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

मार्चमध्ये आम्ही मास्ट्रिख्टवरून पुढे जर्मनीत, तीनशे मीटरच्या रेंजवर गेलो. ती मान ताणून दुर्बिणीत बघत होती. गोळ्या कुठच्या कुठे जात होत्या. खरं सांगतो, माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. "नवी बंदूक आहे, होईल सवय," मी म्हणालो. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं, तिसऱ्या खेपेलाही.

तिसऱ्यांदा परतताना गाडीत तिनेच विषय काढला.

"श्री, मी परवाना परत करते."

"का गं?"

"तू इतकं बघून घेतलीयेस, म्हणजे बंदूक चांगलीच असणार. माझ्यातच काही नाही. क्लबात लागत होते ते नशिबाने." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "इथे आल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी जमतंय असं वाटलं होतं रे."

पहिल्याच पेट्रोलपंपावर गाडी थांबवली आणि सगळं सांगितलं. फॉर्म, आरसा, टेप.

"किती जास्त आहे?"

"चार सेंटिमीटर तरी."

आता आरडाओरडा होणार म्हणून मी मान खाली घातली. ती एकदम माझ्याकडे वळली.

"म्हणजे नेम माझा चुकत नव्हता!" तिचा चेहरा असा काही उजळला की मला पुन्हा जळायला झालं.

"शलाका, मी..."

"थांब. तुझ्याशी घरी गेल्यावर भांडते. आधी फोन करू दे."

तिने तिथूनच कारागिराला फोन लावला. भराभर डच, मध्येच हसू. मला त्यातलं फक्त 'माझा नवरा' एवढंच कळलं.

"दस्ता कापून देतो म्हणतोय," फोनवर हात ठेवून ती म्हणाली. "पण एकदा कापला की ती बंदूक तुला कधीच नीट बसणार नाही. चालेल?"

चालणार नव्हतं.

"चालेल," मी म्हणालो.