समास नसलेली गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी चित्रकादंबरी आहे आणि माझं डोकं भयंकर तापलेलं आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी मऊ आवाजात सांगायची असते म्हणे. मला ते जमणार नाही. मऊ बोलायला माझ्या कडा शाबूत राहायला हव्या होत्या.

मला एका बाईंनी घडवलं. गोष्ट दोन बहिणींची. वडिलांच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून त्यांचं बोलणं तुटतं. बाई आधी संवाद लिहायच्या, मग चित्र काढायच्या आणि मग बरेचसे संवाद खोडून टाकायच्या. "जे डोळ्यांना दिसतंय ते तोंडाने कशाला सांगायचं?" असं स्वतःशीच पुटपुटायच्या. छापखान्यात त्यांनी बजावलं, "समास सोडू नका. कागद संपेल तिथपर्यंत माझं चित्र जाऊ द्या."

एवढ्या कष्टांची मी, वाचनालयात आले आणि चित्रं दिसताच माझ्यावर शिक्का बसला : बालविभाग. उघडून बघण्याची तसदी कोणी घेतली नाही. मुलं मला ओढायची, दोन पानं उलटायची आणि "यात मारामारीच नाही" म्हणून आपटायची. मोठी माणसं त्या कपाटाकडे फिरकायची नाहीत. चित्रं म्हणजे पोरखेळ, हा त्यांचा पक्का समज. या ओढाओढीत माझी शिवण सैल झाली.

मग एक दिवस पडदे शिवायला शिवणकाकू आल्या. जमिनीवर कापड पसरलं, ते सरकू नये म्हणून हाताला लागलेलं पुस्तक वर ठेवलं. ते पुस्तक म्हणजे मी. वाऱ्याने माझं पान उलटलं. दोघी बहिणी जेवायला बसल्यात, मध्ये वडिलांचं रिकामं ताट, आणि पानभर एक शब्द नाही.

काकूंच्या हातातला खडू तसाच राहिला. "अगं बाई! कोणी बोलत नाही, तरी भांडण ऐकू येतंय!"

पडदे झाले, तरी काकू दुपारच्या येत राहिल्या. ग्रंथपालसाहेब हसायचे. "अहो काकू, ते मुलांचं कपाट. मोठ्यांची पुस्तकं पलीकडे."

"मग मला मूल समजा. दात तसेही पडायला लागलेत."

माझ्या पानांवर त्या बोट फिरवत. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीवर थांबून म्हणत, "इथे हिने रडून घेतलं असणार." इतक्या वर्षांत मला नीट वाचणारं हे पहिलं माणूस!

शेवटाजवळ आल्यावर त्यांनी मला मिटलं. "साहेब, हसू नका. आईच्या शिलाई मशीनवरून माझं आणि धाकटीचं बोलणं बंद आहे. या दोघींचं जुळलं, तर मीही तिला फोन करणार. शेवट उद्या वाचते. आज धीर होत नाही."

त्याच संध्याकाळी साहेबांनी सैल झालेल्या पुस्तकांचा गठ्ठा बांधला. इथली पद्धतच तशी. पुस्तक खिळखिळं झालं की बाइंडरकडे जातं. तिथे जाड पुठ्ठा, दोऱ्याचे टाके आणि तिन्ही बाजूंनी कटिंग.

बाइंडरने मला उलटसुलट पाहिलं. "साहेब, याला समासच नाही. कापू कुठे?"

"अक्षरं शाबूत राहतील ना? मग झालं."

पातं खाली आलं. अक्षरं सगळी राहिली. पण माझ्या शेवटच्या पानावर अक्षर नव्हतंच! तिथे बाकावर वाट बघत बसलेली थोरली होती, मोकळा रस्ता होता आणि अगदी उजव्या कडेला, चौकटीत नुकता शिरलेला, धाकटीचा हात होता. बाकीची धाकटी बाईंनी काढलीच नव्हती. तो हात बाइंडरच्या दुकानात कागदाच्या कपट्यांबरोबर झाडून टाकला.

मी परत आले. काकूंनी नवा पुठ्ठा कौतुकाने चाचपला, शेवटचं पान उघडलं. बाक. थोरली. मोकळा रस्ता. त्यांनी पान उलटून पाहिलं. मागे पुठ्ठा.

"म्हणजे नाहीच आली," त्या हळूच म्हणाल्या.

"मग काकू, फोन?" साहेबांनी विचारलं.

"कशाला? त्या बाकावर बसायला? बरं झालं, पुस्तकाने उगाच गोड शेवट केला नाही."

मी किती आकांत केला! पण कागदाला ओरडता येत नाही. त्यांनी मला जागेवर ठेवलं आणि त्या गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. साहेब अजूनही सांगतात, "बाइंडिंग कसं झकास झालंय!"

मित्रांनो, चित्राला अक्षरापेक्षा हलकं समजू नका. कात्री उचलण्याआधी पान वाचा, कोरं वाटलं तरी वाचा. आणि पडदे शिवणाऱ्या, बोटांना खडू लागलेल्या काकू तुम्हाला कुठे भेटल्या, तर त्यांना थांबवा. त्यांना सांगा, धाकटी आली होती.