कबुलीचे कागद वाहणारी भिंगांची थैली

मित्रांनो, अनसिंगजवळच्या एका तांड्यात, कमलीबाईच्या घरी, दारासमोरच्या खुंटीला एक जुनी लाल थैली टांगलेली आहे. ती थैली म्हणजे मी. माझ्या अंगावर एकवीस भिंगं, म्हणजे आरशाचे गोल तुकडे होते, आता अठरा उरले आहेत. दुपारचं ऊन दारातून आत आलं, की ही भिंगं समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके सोडतात. ते ठिपके हलू लागले, की मला वाटतं, मी टांगलेली नाही, तरंगते आहे. मग मागचं सगळं एकेका ठिपक्यातून परत येतं.

मला कमलीच्या आईनं, भुरीबाईनं शिवलं. आपल्या जुन्या फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर कापून तिनं माझं अंग केलं, कडेला कवड्या लावल्या, मधे भिंगं बसवली. कमलीचं रतनसिंगशी लग्न झालं, तेव्हा सुपारी आणि गूळ भरून मला लेकीच्या खांद्याला अडकवत ती म्हणाली, "फाटली त शिवजो, पन फेकू नोको."

पुढं दरसाल मी ऊसतोडीला गेले. माझ्यात सुईदोरा असे, रेशनकार्ड असे, तान्ह्या लेकीची, रीताची, काजळाची डबी असे. ट्रॅक्टरवर कमलीच्या मांडीत झोपून मी कितीतरी पहाटा पाहिल्या. एकदा कारंजाच्या बाजारात एका बाईंनी मला हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि विकत मागितलं. कमली हसून म्हणाली, "मायच्या हातची हाय. माय कोनी इकते का, बाई?" त्या दिवशी माझ्या भिंगांना दुप्पट तेज चढलं होतं.

मग नायलॉनच्या पिशव्या आल्या. मी खुंटीवर गेले आणि तिथंच राहिले. धूळ बसली. उंदरानं माझा एक कोपरा कुरतडला. मला कुणी रागावलं नाही, कुणी फेकलंही नाही, फक्त विसरले.

खुंटीवरूनच मी ते पोतं पाहिलं. उसाच्या फडावर ओळख झालेला एक माणूस घरी आला आणि म्हणाला, "चार दिवसांनी नेतो, तोवर राहू द्या." रतनसिंगनं पोतं कोपऱ्यात ठेवून घेतलं. दुसऱ्यानं विश्वासानं ठेवलेल्या वस्तूची गाठ सोडायची नाही, ही तांड्याची रीत. तो माणूस परत आला नाही. पोलीस आले. त्यांनी गाठ सोडली, तर आत सहा किलो गांजा. रतनसिंग त्या पोत्याकडे असा बघत राहिला, जणू घरात विहीर उघडली होती.

आता तांड्याची दुसरी रीत सांगते, कारण सगळं तिच्यामुळेच घडलं. तांड्यात कुणाच्या घरावर बोट आलं, तर घरातला मोठा माणूस वाद घालत नाही. तो कडुलिंबाखाली बसलेल्या नाईकासमोर, तांड्याच्या प्रमुखासमोर, हात जोडतो आणि म्हणतो, "चूक झाली." मग नाईक त्याच्या हातात पाण्याचा लोटा देतो. ते पाणी प्यायलं, की गोष्ट संपली. ती पुन्हा कुणी काढत नाही.

कोर्टाच्या दिवशी कमलीनं मला खुंटीवरून काढलं आणि माझ्यात भाकरी बांधून घेतली. रतनसिंगच्या शेजारी त्या दिवशी वकील नव्हता. आरोप वाचला गेला. लांब, जड शब्द पंख्याच्या वाऱ्यात फिरत राहिले. शेवटी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" रतनसिंगनं हात जोडले. "चूक झाली, मायबाप. पोतं माह्या घरातच होतं."

पाच वर्षांची सक्तमजुरी झाली.

तो तरीही उभाच राहिला. इकडे बघे, तिकडे बघे. काय शोधत होता, ते फक्त कमलीला कळलं आणि मला. पोलीस बाहेर नेत असताना तो तिला हळूच म्हणाला, "पानी कोनी देल्लंच नाई."

कमलीनं ते तांड्याचे नाईक सेवादास यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आपली रीत आपल्या लिंबाखाली चालते, कमली. तिथं लिवलेलं चालते." दुसऱ्या दिवशी ते तिला रिसोडच्या वकील रत्नमाला इंगोले यांच्याकडे घेऊन गेले.

रत्नमालाताईंनी विचारलं, "मावशी, ते नेमकं काय बोलले?"

कमलीनं शब्दन् शब्द सांगितला.

"पोत्यात काय आहे हे माहीत होतं, असं म्हणाले का?"

"थे त त्यायले कोनी इचारलंच नाई!"

ताईंनी कोर्टाच्या कागदांची नक्कल काढली. त्यात एकच ओळ होती: आरोपीने गुन्हा कबूल केला. रतनसिंगचे शब्द कुठंच नव्हते. ताई म्हणाल्या, "ही ओळच आपण नागपूरच्या मोठ्या कोर्टात नेऊ."

त्या रात्री कमलीनं माझा कुरतडलेला कोपरा शिवला. अपिलाचे कागद तयार झाल्यावर ते माझ्यात ठेवले. तेव्हा ताईंनी मला पाहिलं आणि थट्टा केली, "मावशी, एवढे आरसे? जजसाहेब भांग पाडत बसतील की!"

"पाडू द्या. पन आधी कागद वाचू द्या," कमली म्हणाली.

मित्रांनो, नागपूरला आम्ही किती वेळा गेलो, ते मला सांगता येणार नाही. एस. टी.च्या खिडकीतून पळसाची झाडं लाल झालेली पाहिली, मग हिरवी, मग उघडी, मग पुन्हा लाल. कमलीला डुलकी लागे, पण झोपेतही तिचा हात माझ्या तोंडावर असे. एखाद्या स्वप्नात चालावं तसे आम्ही चाललो. रस्ता पुढं सरकायचा, दिवस मात्र तोच वाटायचा.

शेवटी निकाल आला. पहिल्या वेळी रतनसिंगच्या शेजारी वकील नव्हता, परिणाम त्याला समजावले नव्हते, तो कोणत्या शब्दांत बोलला हे लिहिलेलं नव्हतं. म्हणून कबुली रद्द झाली, शिक्षाही रद्द झाली. खटला आरोप वाचण्यापासून पुन्हा चालवायचा होता.

"म्हंजे सुटले?" कमलीनं विचारलं.

"नाही, मावशी. पुन्हा विचारतील. या वेळी त्यांच्या शेजारी मी असेन."

रतनसिंग जामिनावर घरी आला. सेवादास नाईक लिंबाखाली जज होऊन बसले आणि तालीम सुरू झाली. "बोल, गुन्हा कबूल हाय?" की लगेच रतनसिंगचे हात जुळत आणि तोंडातून निघे, "चूक झा..." सगळा तांडा हसे. कमली मात्र ओरडे, "रीताचे बा, हात खाली ठेवा अगुदर! जलमभर हातच जोडले तुमी!"

तो दिवस आला. आरोप वाचला. ताईंनी एकेक वाक्य त्याला सोपं करून सांगितलं. मग तोच प्रश्न आला. रतनसिंगचे हात वर आले. जुळणार, एवढ्यात थांबले. कमलीनं माझा पट्टा असा आवळला, की एक टाका उसवला.

हात खाली गेले.

"पोतं माह्या घरात होतं, हे खरं हाय, साहेब. पोत्यात काय होतं, थे मले मालूम नोव्हतं. गुन्हा कबूल नाई."

या वेळी प्रत्येक शब्द लिहिला गेला. टाइप होण्याचा तो टकटक आवाज मला भुरीबाईच्या सुईसारखा वाटला, एकेक टाका घालत जाणाऱ्या.

बाहेर व्हरांड्यात कमलीनं माझ्यातून पाण्याची बाटली काढली आणि त्याच्यापुढं धरली. रतनसिंगनं मान हलवली. "आता नाई. गोष्ट संपली कुठं? साक्षी व्हायच्या हायेत."

"हे संपल्याचं पानी नोय," कमली म्हणाली. "तहानेचं हाय. प्या."

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला आणि घटाघटा प्यायला. माझ्या भिंगांत त्याचा चेहरा अठरा वेळा दिसला.

साक्षी अजून व्हायच्या आहेत. मला अजून बरेच कागद वाहायचे आहेत, म्हणून कमलीनं तो उसवलेला टाका त्याच संध्याकाळी घातला. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी खुंटीवर विसरलेली असेल, तर तिलाही एखादा टाका घाला. आणि तुम्हाला न समजलेल्या प्रश्नाला नुसते हात जोडू नका. "पुन्हा सांगा," म्हणा. शेजारचा कुणी गोंधळून हात जोडत असेल, तर त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहा. त्याला तहान लागलेली असते.