निळ्याचा एक हात

"घोडा हवाच," मापासेका आजी काठी आपटत म्हणाली. "आपल्या खोऱ्यात घोडे नव्हते असं कुणी सांगितलं तुला?"

मोलेफीने ब्रश दातांत धरून मान डोलावली. कित्येक वर्षांत त्याने एकही घोडा रंगवला नव्हता.

तरुणपणी त्याचे घोडेच तर खपायचे. मालुतीचे डोंगर, बर्फ, घोंगडी पांघरलेला स्वार. राजधानी मासेरूच्या हॉटेलांतून असली चित्रं हातोहात जायची. मग धरण आलं. तो जन्मला ते खोरं पाण्याखाली गेलं, वस्ती वर माळावर आली, आणि मोलेफीच्या चित्रांतून आधी स्वार गेला, मग घोडा, शेवटी डोंगरही. उरले नुसते पट्टे. राखाडी, पांढरे, निळे. शहरातले लोक त्यांच्यापुढे गप्प उभे राहत. बायको मामोसा मात्र विचारायची, "घोडे काय विकून खाल्लेस?"

आता नव्या सभागृहाच्या भिंतीवर बुडालेलं खोरं रंगवायचं, असं वस्तीचे प्रमुख सेकाके यांनी सांगितलं होतं; सगळे त्यांना आदराने न्टाटे, म्हणजे बाबा, म्हणत. "पट्टेबिट्टे नकोत हं," असंही बजावलं होतं.

अख्खी वस्ती त्याच्या मानगुटीवर बसली. माझं घर नदीच्या अलीकडे होतं! तुझा गोठा एवढा मोठा कधी झाला रे? आमच्या दारातलं पीचचं झाड कुठाय? मोलेफी चिडायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. हळूहळू त्याला मजा यायला लागली. आपण घरी गुणगुणतो, हे त्याला मामोसाने सांगितलं तेव्हा कळलं.

चित्र पुरं झालं. सगळे खूश. मोलेफी एकटाच मागे सरून बघत राहिला. घरं होती, झाडं होती, घोडाही होता. पण हॉटेलातल्या जुन्या चित्रांसारखंच दिसत होतं सगळं. यातलं काही गेलंय, असं कुठेच वाटत नव्हतं.

उद्घाटनाच्या सकाळी लोक जमत असतानाच त्याने निळा रंग पाण्यासारखा पातळ केला, शिडी लावली आणि रुंद ब्रशने वरून खाली हात द्यायला घेतला.

"अरे, अरे! वेड लागलं का याला?" सेकाके ओरडले.

"थोडं थांबा, न्टाटे."

"काय थांबा? एकदा बुडालं ते पुरे नाही झालं?"

मामोसाने धावत येऊन शिडी धरली. आता ही त्याला खाली खेचणार, असं सगळ्यांना वाटलं. "पडू नकोस म्हणजे झालं," ती म्हणाली आणि शिडी घट्ट धरून उभी राहिली.

हात पुरा झाला. निळ्याखाली घरं किंचित हलल्यासारखी दिसू लागली. पीचच्या फुलांचा गुलाबी आणि घोड्याचा तांबूस रंग आत खोलवर राहिला. मोलेफीला खाली उतरायचा धीर होईना.

मापासेका आजी पुढे आली, पार नाक भिंतीला लागेपर्यंत.

"रोज धरणाच्या काठावर जाऊन बसते मी," ती म्हणाली. "डोळे फाडफाडून बघते. काही म्हणता काही दिसत नाही. या पाण्यातून दिसतंय की रे!"

ती खुदकन हसली, आणि बायकांनी आनंदाने जिभा हलवत उलूलूचा असा कल्ला केला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. सेकाकेंनी आपलं घर शोधून काढलं आणि मुकाट्याने टोपी उतरवली. कुणीतरी गाणं धरलं. ज्वारीची बिअर फिरू लागली. मामोसाने रंगाने बरबटलेल्या नवऱ्याला हाताला धरून नाचात ओढलं.

बाक सगळे रिकामे होते. तरी मापासेका आजीने अंगावरची घोंगडी काढून भिंतीपाशी जमिनीवर अंथरली आणि पाय लांब करून बसली. धुणं वाळेपर्यंत बायका नदीवर बसायच्या, तशी.