कापडाखाली

आमची भिंगरी पाच वर्षांची आहे आणि तिच्याबद्दल प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. शाळेतल्या बाईंना कळतं, डॉक्टरांना कळतं, माझ्या नणंदेला तर फोनवरूनच कळतं. "अगं, तू तिला डोक्यावर बसवून ठेवलंयस," ताई म्हणतात. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! एक दिवस ठेवून घ्या म्हटलं की त्यांचा गुडघा दुखतो.

शाळेत ती बाकावर चढते, दुसऱ्यांचे रंग भिरकावते. मागच्या आठवड्यात तर फाटक उघडं दिसलं म्हणून थेट रस्त्यावर पळाली. गाडीवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून बरं. मुख्याध्यापिकांनी बोलावून सांगितलं, डॉक्टरांचं ऐका, नाहीतर दुसरी शाळा बघा. डॉक्टरांनी तिला नीट तपासून, आमच्याशी बोलून गोळी लिहून दिली होती. ती चिठ्ठी माझ्या दुकानात, कंगव्यांच्या खणात पडून होती.

"महिनाभर देऊन तर बघू," नवरा म्हणाला. "नाही मानवली तर डॉक्टरांना विचारून बंद करू."

"आणि पोरगी भिंतीकडे बघत बसायला लागली म्हणजे?"

"आणि गाडीखाली आली म्हणजे?"

मी भांडी आपटली.

पण माझ्याकडे हुकमी पान होतं. मी केस कापते, त्यातही लहान मुलांचे. आईबापांनी हात टेकलेली कार्टी माझ्याकडे येतात. माझी पद्धत एकच. डोकं धरून ठेवायचं नाही, डोकं जिकडे जाईल तिकडे आपण जायचं. भिंगरीला तर तेवढंही लागत नाही. गळ्याभोवती कापड बांधलं की ती पुतळ्यासारखी बसते. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि डॉक्टरांनाही ठणकावून सांगितलं होतं. "माझ्या खुर्चीत बसते ना? मग आजार कसला? तुम्हाला सांभाळता येत नाही म्हणून माझ्या पोरीला गोळ्या?" डॉक्टरीणबाई शांतपणे ऐकून घेत राहिल्या, त्याचा मला आणखी राग आला.

त्यातच अंघोळ घालताना तिच्या मांड्यांवर काळेनिळे डाग दिसले. विचारलं तर ताकास तूर लागू देईना. मी तडक शाळा गाठली आणि बाईंना फैलावर घेतलं. वर्गात पोरं चिमटे काढतात आणि तुम्ही माझ्याच मुलीला नावं ठेवता! बाई रडकुंडीला आल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काल दुपारी दुकान रिकामं होतं. भिंगरीच्या बटा डोळ्यांत येत होत्या, म्हणून तिला खुर्चीत बसवलं आणि कापड बांधलं. झाली चिडीचूप. नवरा तिला न्यायला आला होता, तो दारातच उभा होता.

"बघून घे," मी म्हणाले. "हिला हवी गोळी?"

मागचे केस झाले, तशी मी कापड झटकायला त्याची कड उचलली. भिंगरीचे दोन्ही हात मांड्यांवर होते आणि नखं कातडीत रुतली होती. तिने दातही आवळले होते. ते आवळलेले दात मला आरशात नेहमीच दिसायचे आणि मी त्याला शहाणपणा समजायचे.

"अगं, हे काय करतेस?"

"पाय हलायला लागले की चिमटा काढायचा," तिने मलाच समजावलं. "जोरात काढला की थांबतात."

"कुणी सांगितलं असं करायला?"

"कुणी नाही. तू सगळ्यांना सांगतेस ना, माझी भिंगरी खुर्चीत कशी छान बसते."

"आणि शाळेत?"

"शाळेत पण काढते. पण शाळा खूप वेळ असते ना, आई. हात दुखतात."

नवऱ्याने तोंड फिरवलं. मला स्वतःचा इतका संताप आला की समोरचा आरसा फोडावासा वाटला. मी जगाशी भांडत सुटले होते आणि ही एवढीशी पोर कापडाखाली एकटी भांडत होती.

मी गाठ सोडली. "हल," म्हटलं. "हवं तेवढं हल."

आधी तिचा विश्वासच बसेना. मग ती खाली उतरली आणि बाटल्या, आरसा, स्टूल करत दुकानभर फिरायला लागली. ती जिथे क्षणभर थांबेल तिथे मी एक बट कापत होते. कपाळावरचे केस वाकडे कापले गेले ते गेलेच.

मग खण उघडला, कंगवे बाजूला सारले आणि चिठ्ठी नवऱ्याच्या हातात दिली. गोळी तिला मानवेल की नाही, कुणास ठाऊक. मला ती अजूनही आवडत नाही.

"ते काय आहे?" भिंगरीने विचारलं.

"औषध आणायचंय. पायांना थोडी मदत होते का बघू."

"मग चिमटे नाही काढायचे?"

"नाही. कधीच नाही."

तिने जरा विचार केला. "आणि तरी पण हलले, तर तू सगळ्यांना काय सांगशील?"